ओढा नसलेलं गाव

शाळेचं छप्पर गळू द्या, संडासाचं दार निखळू द्या, वर्षानुवर्षं साहेब लोकांच्या तोंडात मिठाची गुळणी. पण पट घसरला रे घसरला, की लगेच यांना कंठ फुटतो. नियोजन बैठक! त्या वर्षी आमची बैठक तालुक्याच्या सभागृहात भरली, आणि मी माझ्या अकरा पोरांचा पट पिशवीत घालून गेले.

माझी शाळा नावाला दोन शिक्षकी. दुसरे गुरुजी कायम कुठल्यातरी यादीच्या नाहीतर मोजणीच्या कामावर. म्हणजे खरं तर मी एकटी, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला खोली घेऊन राहत होते. सकाळी जीप फाट्यावरच्या मोठ्या गावात सोडायची. तिथून शेतातल्या पायवाटेनं निघालं आणि ओढा ओलांडला की आमचं गाव. उन्हाळ्यात त्या ओढ्यात नुसते गोटे. आषाढ-श्रावणात मात्र कमरेपर्यंत पाणी, आणि ओढ अशी की म्हैस बिचकावी. डांबरी रस्त्यानं यायचं तर सहा-सात किलोमीटरचा वळसा.

मला पाण्याची भारी भीती. पावसाळाभर मावशी काठावर येऊन थांबायच्या, लुगडं खोचून. माझी पिशवी नि चपला एका हातात, माझं मनगट दुसऱ्या हातात. मी 'हळू, हळू, अहो हळू' म्हणून ओरडायची आणि त्या हसायच्या. "काहून भेता बाई? मी हाय ना."

पोरं कमी का झाली? ज्यांच्या हातात चार पैसे, त्यांची लेकरं पिवळ्या गाडीनं इंग्रजी शाळेत. ती गाडी डांबरीवरून वळसा घालून यायची. शाळा म्हणजे काय, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. गळ्यात टाय, नाकात शेंबूड. बाप कौतुकानं सांगायचा, "बाई, पोरगं ए फॉर ॲपल म्हणून राहिलं." त्या पोरानं सफरचंद कधी खाल्लं होतं, देव जाणे. मी मनातल्या मनात त्या बापांना हसायची. माझा स्वतःचा मुलगा हिंगोलीत तसल्याच शाळेत होता, फक्त इमारत जरा उंच. ते मी गावात कधी कुणाला सांगितलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी मावशी चुलीपासून उठून माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांची लेक तिसरीत होती. वाचायला इतकी हावरी, की तांदळाच्या पोत्यावरची अक्षरंही मोठ्यानं वाचायची.

"बाई, शाळा बंद व्हती म्हणं?"

"बघू. उद्या बैठक आहे."

"माझं काम गेलं तर जाऊ द्या, मी सोयाबीन काढाया जाईन. पर पोरीचं तेवढं बघा. पावसाळ्यात ती कशी जाईन तिकडं फाट्याच्या शाळंत? तुमी वढ्याचं लिव्हा. तुमाला म्हाईत हाय."

"लिहिते की," मी म्हणाले.

बैठकीत साहेबांनी पडद्यावर खाली उतरणाऱ्या रेघा दाखवल्या. शाळा 'बंद' होणार नव्हत्या, 'समायोजित' होणार होत्या. अरे वा! म्हणजे मेला नाही, फक्त श्वास थांबला. एका म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी उठून विचारलं, "साहेब, लहान लेकरं दुसऱ्या गावाला जातील कशी?" साहेब म्हणाले, "चालत. तब्येत ठणठणीत राहील." सगळे हसले. साहेब हसले म्हणजे हसायचं असतं, एवढी अक्कल आम्हाला नोकरीनं दिलेली. मीही हसले. मग जेवण आलं. सकाळपासून पेंगणारे सगळे पुरी-श्रीखंडावर असे तुटून पडले, की शिक्षणाची एवढी तळमळ मी आयुष्यात पाहिली नाही.

जेवणानंतर फॉर्म. सर्वात जवळच्या शाळेचं अंतर. मध्ये नैसर्गिक अडथळा आहे का: आहे, नाही. साहेब स्वतः माझ्या बाकापाशी आले आणि मोबाईलवर बोट ठेवून म्हणाले, "नऊशे मीटर. किलोमीटरच्या आत, बसतंय की नियमात."

"साहेब, मध्ये ओढा आहे."

"पूल होणार आहे ना?"

"तीन निवडणुकांपासून होतोय."

"मग झालंच समजा. पाणी असतं किती दिवस? उगं 'आहे' लिहाल, मग फोटो आणा, पंचनामा करा, ठराव आणा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरचे हिंगोलीत असतात ना तुमचे? ही शाळा समायोजित झाली की तुमचंही बघू तिकडं जवळपास."

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. त्यानं आमचा ओढा जन्मात पाहिला नव्हता. मी पाहिला होता. मी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात.

शाळेला कुलूप लागलं. मला हिंगोलीपासून अर्ध्या तासावर शाळा मिळाली, रस्त्याला लागून.

पुढच्या श्रावणात गोरेगावची खोली रिकामी करायला गेले, तो बाजाराचा दिवस होता. मावशी भाजीवाल्यापाशी वांगी निवडत होत्या, शेजारी लेक. आणि माझ्यातल्या बाई काय म्हणाल्या? "काय गं, आज शाळा बुडवलीस?"

पोरगी आईकडं बघायला लागली.

"आखाडापासून जातच न्हाई ती," मावशी म्हणाल्या. "वढ्याला पाणी हाय. एक दिस मी घेऊन गेले, तर पाय घसरून वाहत चालली व्हती, कशीबशी धरली. तवापासून पाण्याला भेऊन राहिली. आन् मी मजुरीला गेल्यावर तिला रोज आणावं-न्यावं कोणी?"

मी मान खाली घातली. मावशींना वाटलं, मला वाईट वाटतंय. त्यांनी माझं मनगट धरलं, ओढ्यात धरायच्या तसंच.

"तुमी काहून जिवाला लावून घेता बाई? तुमी तर लिव्हलं व्हतं वढ्याचं. त्याईनं ऐकलं न्हाई, त्याला तुमी काय करसान?"

आयुष्यभर मी साहेबांना नावं ठेवली. पण फॉर्मावरचं खोटं निदान साहेबानं सांगितलं म्हणून लिहिलं होतं. हे मात्र कुणी न सांगता, त्या पोरीच्या तोंडाकडं बघत बोलले.

"हो ना, मावशी," मी म्हणाले. "नाहीच ऐकलं त्यांनी."