भावाच्या अँबेसेडरची गिऱ्हाईकं

जुनी गाडी विकायला काढली की गाडी जागची हलत नाही, किस्से मात्र अंगणात साचत जातात. नागभीडला आमच्या अंगणात मोठ्या भावाची पांढरी अँबेसेडर उभी आहे. या उन्हाळ्यात भाऊ गेला. घर चालवायचं म्हणून वहिनी म्हणाली, "इकून टाक. पण तोडाले देशीन तर घरात पाय ठेवू नको!"

आणि पहिला आला तो भंगारवालाच! चाकाला लाथ मारून म्हणाला, "भाऊ, वजनावर घेतो."

मी त्याची कॉलर धरली. "आधी तुलेच काट्यावर चढवतो!"

तो पळाला. त्याची एक चप्पल आमच्याकडेच राहिली.

सिरोंच्याच्या एकाने फोटो मागितला. मी घाईत काढून पाठवला. त्याने सांगितल्या किमतीच्या निम्मी किंमत लावली. मी फोनवर ओरडलो, "लाज नाई वाटत?"

तो शांतपणे म्हणाला, "फोटोत अर्धीच गाडी दिसून राह्यली भाऊ. जेवढी दिसली तेवढीचे पैसे सांगतले!"

माजरीचा एक साहेब बोनेट उघडून बोलायला लागला. "इंजिन थकलं. रंग गेला. मालकही गेला. आता कायची किंमत?"

माझ्या हातात पाना होता. हात वर गेलाच होता, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन मध्ये आली. "घ्या साहेब. अन् लवकर प्या. याले मी जास्त वेळ नाई धरू शकत!"

साहेबाने उकळता चहा एका घोटात संपवला!

मग जंगलातल्या, बातमी उशिरा पोचणाऱ्या एका खेड्यातून एक म्हातारे काका आले. पोरगा ड्रायव्हिंग शिकला होता, त्याला लग्नाच्या भाड्यासाठी गाडी हवी होती. काकांची मुलगी याच गाडीतून सासरी गेली होती. भाऊच घेऊन गेला होता. त्यांनी सगळ्यांत कमी किंमत सांगितली!

माझं डोकं फिरलं. "काका, एवढ्यात टायर बी नाई येत!"

"तू नको बोलू. तुह्या भावाले बोलाव. नवरीच्या बापासंग तो भाव नाई करत."

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठली, आतून किल्ली आणली आणि काकांपुढे धरली. "घ्या काका. त्यायनं बी एवढ्यातच देल्ली असती."

काकांनी हात मागे घेतला.

"अशी नाई घेत, बाई. त्याच्याच हातानं घेईन. बोलाव ना त्याले!"