तौफिकच्या वहीत नसलेले शब्द

आमच्या नाटक कंपनीत तौफिक बाबाजान शेख नावाचा प्रॉम्प्टर होता. श्रीरामपूरचाच तरुण, बारीक आवाजाचा, नजर सदा वहीत. मी सेनापती होऊन डरकाळ्या फोडायचो आणि टाळ्या आल्या की हुरळून दोन वाक्यं पदरची घालायचो. लगेच विंगेतून कुजबुज यायची, “अण्णा, वहीत नाही.” मी चिडायचो. पण भर प्रवेशात संवाद विसरलो की त्याच बारीक आवाजाला धरून पैलतीर गाठायचो.

कंपनी बंद पडली, मेकअप उतरला, मी म्हातारा झालो. तौफिकनं काही वर्षं कापडाच्या दुकानात काढली आणि मग घरं-जागा दाखवण्याचा धंदा धरला. पुढे घरं घेणाऱ्यांची फसवणूक रोखायला रेराचा कायदा आला. एजंटालाही नोंदणी लागू लागली, नंतर परीक्षाही. एकसष्टाव्या वर्षी हा गडी अभ्यासाला बसला. बायको जहिरा भाकरी थापता थापता त्याला प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की भाकरी उशिरा मिळायची. पास झाला. नोंदणीचा कागद त्यानं ऑफिसात फ्रेम करून लावला, शेजारी माझा तलवारवाला फोटो. ती नोंदणी गेली तर धंद्याला कुलूप. हे तो कधी बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी त्या फ्रेमची काच पुसायचा. माझ्या फोटोची आठवड्यातून एकदा.

जाहिरात लिहायची त्याची रीत बघण्यासारखी. टेप घेऊन स्वतः फ्लॅटमध्ये जायचा आणि आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजायचा. कागदावर तेच चटई क्षेत्र. जिन्याचा, गच्चीचा वाटा मिसळून आकडा फुगवणं नाही. फोटो त्याच घराचे, भिंतीवरच्या ओलीसकट.

“अरे, ओल कशाला दाखवतोस?” मी एकदा म्हणालो.

“गिऱ्हाईक आत आल्यावर बघणारच की, अण्णा. आधी फोटोत बघितली तर माझ्यावर डाफरत नाही.”

एका मालकानं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहायला सांगितलं. तौफिक चालत गेला, एकोणीस मिनिटं लागली. मग मला चालायला लावलं, माझ्या गुडघ्यांनी सत्तावीस घेतली. शेवटी त्यानं मिनिटं खोडली आणि ‘दीड किलोमीटर’ लिहिलं.

गेल्या वर्षी त्याच्याकडे आजवरचं सर्वांत मोठं काम आलं. सुनील नावाचा बिल्डर कालव्याच्या रस्त्याला चोवीस फ्लॅटची इमारत बांधणार होता. रेराकडे अर्ज केला होता, पण नोंदणी क्रमांक आला नव्हता. सुनीलला दसऱ्याला जाहिरात हवी होती. तौफिकचं एकच, “क्रमांक आला की बोलू. त्याआधी एक अक्षरही नाही.”

मग सुनील पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे आला. “अण्णा, विक्री नाही, नुसती हवा करायची. तुमच्या आवाजात.”

माझ्या आवाजात! किती वर्षांनी कुणी असं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माईकसमोर उभा राहिलो. “सातशे वीस फुटांचा राजमहाल! स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर! त्वरा करा! संपर्क, तौफिक शेख!” सोबत त्याचा मोबाईल नंबरही ठणकावून सांगितला. तौफिकला विचारलं नाही. मला वाटलं, त्याला दसऱ्याची भेट देतोय.

दसऱ्याच्या सकाळी रमीजच्या रिक्षावर भोंगा लागला. झेंडूच्या ढिगांमधून माझी आरोळी घुमत निघाली. वीसेक मिनिटांत तौफिकनं स्कूटर आडवी घातली आणि भोंग्याची वायरच उपटली.

रमीज म्हणाला, “चाचा, लई भारी आवाज हाय की! काय बिघडलं?”

“आवाज भारीच आहे. पेन ड्राईव्ह दे.”

मला त्यानं ऑफिसात बोलावलं. चेहरा उतरलेला. “अण्णा, नोंदणी नसलेल्या इमारतीची जाहिरात, आणि वर माझं नाव. कुणी तक्रार केली तर ती फ्रेम काढून ठेवावी लागेल मला.”

तेवढ्यात सुनील तणतणत आला. “तौफिकभाई, मुहूर्त घालवलात माझा! नगरला डझनभर एजंट आहेत.”

“द्या त्यांना. पण दंडाची नोटीस आधी तुम्हाला येईल, मग एजंटाला.”

सुनील काही बोलणार, तोच तौफिकचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला. निवृत्त नर्स कलाबाई बोलत होत्या. रिक्षावरचं ऐकून त्यांनी विचारलं, बुकिंगचे पैसे आज आणू का?

“नका आणू, ताई. इमारतीची नोंदणी अजून झाली नाही. आणि सातशे वीस ऐकलंत ना, ते चूक आहे. नकाशात आतली जागा पाचशे सत्तर. आकाशात बांधलेला राजमहाल होता तो, आमच्या अण्णांचा.”

पलीकडे हसू फुटलं. “अहो, सगळे म्हणतात आजच टोकन द्या. नका देऊ म्हणणारे तुम्ही पहिलेच. मग मी थांबते. क्रमांक आला की मलाच आधी कळवा. माझी बहीणही घर बघतेय.”

फोन बंद झाला. सुनील खुर्चीत टेकला. फ्रेमकडे बघून म्हणाला, “चहा तरी सांगा.”

दिवाळीच्या आठवडाभर आधी क्रमांक आला आणि काम तौफिककडेच राहिलं. पुन्हा रेकॉर्डिंग झालं, तौफिकच्या ऑफिसातच. या खेपेला तो वही घेऊन माझ्या पाठीशी उभा. मी चटई क्षेत्र वाचलं, स्टेशनपर्यंतचं मोजलेलं अंतर वाचलं, इमारतीचा क्रमांक वाचला, एजंटाचा वाचला, रेराच्या वेबसाइटचं नाव वाचलं. एकेक आकडा असा ठासून म्हटला की जणू वैऱ्याच्या गोटात निरोप धाडतोय. मजकूर संपला. छातीत श्वास भरून आला होता, ओठांवर काहीतरी पदरचं होतं. तौफिकनं मान वर केली. मी श्वास सोडून दिला.

त्यानं वहीचं पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘श्रीरामपूरकरांना दिवाळीच्या शुभेच्छा (अण्णा, हवं तसं म्हणा)’.

मी असा गरजलो की शेजारच्याच त्याच्या घरातून जहिराबी पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या.