मामींनी अनवाणी पाहिलेली जमीन

रागावल्या की मामींचा आवाज खाली यायचा. गावातली इतर माणसं ओरडत; मामी पुटपुटत, आणि समोरचा निमूट बांध सरळ करून देई. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात लहानथोर सगळेच त्यांना मामी म्हणत. माझ्या त्या खऱ्याच मामी. लवकर विधवा झालेल्या, एकच मुलगी, आणि विहिरीखालची काळी जमीन स्वतः कसणाऱ्या.

जमीन घ्यायची तर ती आधी अनवाणी चालून पाहायची, हा त्यांचा नेम. चपला बांधावर काढायच्या, चारही कोपरे फिरायचे, मगच बोलायचं. "चप्पल घालून पाह्यली तर चपलेला कळंल, मला काय कळंल?" असं त्या म्हणत. गावात कुणाचाही व्यवहार असो, लोक आधी विचारत, "मामी चालून आल्या का?"

नव्वदच्या दशकात त्यांच्या जावयाने नवीन जालन्यात प्लॉटचं ऑफिस थाटलं. समुद्रकाठच्या एका गावात मोकळी जमीन स्वस्तात मिळते, पुढे तिथे हॉटेलं होणार, असं तो सांगे आणि जीप भरून माणसं नेई. मामी गेल्या. जमीन कोरडी, भेगाळलेली होती. त्या चारही कोपरे फिरल्या. "एवढं पाणी शेजारी असून इकून राह्यले? येडे हाईत बिलकुल," एवढंच म्हणाल्या. कागद त्यांनी पाहायला मागितले नाहीत. जावयाकडे कागद मागणं म्हणजे त्याचा अपमान, अशी आमच्याकडची रीत. त्यांनी प्लॉट घेतला. त्यांच्या पायांच्या भरवशावर गावातल्या आणखी चार घरांनी घेतला.

पुढच्या हिवाळ्यात नारळाची रोपं घेऊन त्या तिकडे गेल्या. मी सोबत होतो. पौर्णिमा होती. प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी. मामींनी लुगडं वर खोचलं आणि शेजारी जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला गाठलं. "पाट कोणी फोडला? माझ्या रानात पाणी कामून सोडलं?"

म्हातारा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि हसू थांबलं. "बाय, ही भरती. पुनवेला-अवसेला पाणी इथवर येतंच. इथं कोण घर बांधतो?"

"जीपवाल्याला ठावं होतं?"

"त्याला मीच सांगितलंय. म्हणून तर तो अष्टमी-नवमीला माणसं आणतो, तेव्हा पाणी इथवर चढत नाही."

नारळाची रोपं घेऊन मामी तशाच परतल्या. प्रश्न आता प्लॉटचा नव्हता. बोलावं तर मुलगी त्याच्या घरात. न बोलावं तर तो पुढच्या जीपा भरणार, आणि 'मामींनी चालून पाहिली' असं सांगून भरणार. तसं तो सांगतच होता.

धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे. मामींनी लेक-जावयाला बोलावलं. त्या चार घरांनाही बोलावलं. ताट वाढून झाल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही भरतीच्या पाण्यातली जमीन इकली. ह्या लोकायसमोर सांगा, ठावं होतं का न्हाई?"

"मामी, तुम्हीच तर चालून पाह्यली," जावई म्हणाला. ताट सरकवून तो उठला आणि बायकोला घेऊन गेला. तिला त्याने पुन्हा माहेरी पाठवलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मामींनी विहिरीखालची जमीन तुकडे करून त्या चार घरांना बुडालेल्या पैशांपोटी दिली. चौघांनी घेतली. नको म्हणणारा एकही निघाला नाही. आणि हेच चौघे पारावर बसून म्हणत, "काही झालं तरी बाईनं जावयाचा मान ठेवायला पाहिजे होता." जावयाचं ऑफिस चालू होतं. त्याला पारावर कुणी नाव ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

मामी गेल्या तेव्हा मुलगी आली. तेराव्याला जावई पुढे बसला होता. चौघांतले थोरले आबा टोपी-उपरणं घेऊन उठले. "जावईबापू, झालं गेलं इसरा."

मुलीने उपरणं त्यांच्या हातातून हिसकलं. "आबा, माझ्या मायची जमीन पेरून राह्यले तुम्ही. पयले ती सोडा, मंग ह्याला मान द्या!"

आबा टोपी धरून उभेच राहिले. जावयाने मान खाली घातली नाही. पंगतीत भाजी दुसऱ्यांदा फिरली, आणि लोकांनी वाढून घेतली.