चाखू नका

डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक मावशी दर मे महिन्यात वलवणच्या रस्त्याला करवंदं विकायला बसते. द्रोण भरण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या तळहातावर एक करवंद ठेवायची. "आदी चाखा," म्हणायची. चाखल्याशिवाय द्यायचीच नाही.

यंदा ऐन मे महिन्यात रोज पाऊस कोसळला. मी सवयीने हात पुढे केला, तर तिने पाटीवर फडकं ओढलं.

"चाखू नका, भाऊ. पावसानं पार पाणचट झाल्यात. चाखलं तर घ्येणार न्हाई तुमी. आन् दुसरं काय हाय आमच्याकडं इकाया?"

मी दोन द्रोण घेतले.

मागे गाडी थांबली. काच खाली करून एक बाई म्हणाली, "मावशी, काय मस्त वेदर आहे ना! एक द्रोण द्या."

"व्हय," मावशी थकल्यासारखं हसली आणि चाखायला न देताच त्या बाईचा द्रोण भरू लागली.