आरोग्यसेवेच्या पोरांचे प्रोजेक्ट

शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की किस्से निघतातच. कुणाकडे कॉपीचे, कुणाकडे पालकसभेचे. माझ्याकडे प्रोजेक्टचे साठलेत. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावीच्या आरोग्यसेवा शाखेला शिकवते. बीपी मोजणं, पट्टी बांधणं, प्रथमोपचार हे सगळं शिकायचं आणि वर्षभरात लोकांमध्ये जाऊन एक प्रोजेक्ट करायचा. माझे किस्से ऐकून लोक आधी हसतात, मग हळूच डब्याचं झाकण लावतात.

*

रेश्माच्या ग्रुपनं कॉलेजातल्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचं ठरवलं. लॅबवाल्या ताई मदतीला होत्या. जवळपास सगळ्यांचंच कमी निघालं, तपासणाऱ्या मुलींचंसुद्धा. मग त्यांनी आहाराचा मोठा रंगीत तक्ता केला. खजूर, बीट, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे. चित्रं इतकी सुरेख होती की प्राचार्य म्हणाले, दारातच लावा.

रेश्मा हॉस्टेलला राहते. तिथे दोन्ही वेळा भात आणि पाण्यासारखं वरण. ती मला अगदी साधेपणानं म्हणाली, "मॅडम, एक तक्ता मेसमध्ये पण लावू का? निदान बघत बघत जेवू."

*

ॲम्ब्युलन्सला फोन कसा करायचा, याची प्रॅक्टिस चालली होती. घाबरायचं नाही, आधी पत्ता सांगायचा, मग जवळची खूण. मंगेशची पाळी आली, तर तो फोन हातात घेईना. मला वाटलं, लाजतोय.

मग म्हणाला, आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरतच नाही, मेन रोडलाच थांबते. आजीला अटॅक आला तेव्हा वडिलांनी तिला पाठीवर घेतलं होतं. गाडीपर्यंत पोचेस्तोवर ती गेली.

"मॅडम, फोनचं झालं की उचलून न्यायची प्रॅक्टिस करू या का?"

*

एका ग्रुपचा विषय होता नेत्रदान. नाशिकरोडच्या एका कॉलनीत फिरून त्यांनी लोकांना समजावलं. एकटे राहणारे एक रिटायर्ड क्लार्क आजोबा लगेच तयार झाले. पोरं इतकी खूश झाली की दर रविवारी त्यांच्याकडे चक्कर मारायला लागली. आजोबा, बरे आहात ना? जेवलात का? बीपीची गोळी घेतली का?

मला कानकोंडं झालं. जाऊन आजोबांची माफी मागितली. म्हटलं, पोरांचा हेतू वाईट नाही, पण तुम्हाला ते कसं वाटत असेल.

"येऊ द्या हो," ते म्हणाले. "माझा मुलगा बंगळूरला असतो. डोळ्यांसाठी का होईना, दर आठवड्याला कोणीतरी विचारतं."

*

सिन्नरच्या एमआयडीसीजवळ आम्ही कामगारांचा सर्व्हे केला. बहुतेक जण पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणारे. खांदे-पाठ दहापैकी किती दुखतात, ते बोटांवर दाखवायचं आणि पोरांनी लिहून घ्यायचं.

अनिकेत भराभर लिहीत होता. एका माणसानं दोन्ही हात वर केले. अनिकेतनं बोटं मोजली, सात लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. पण हा माणूस उठेना. किती लिहिलं, म्हणून विचारायला लागला. अनिकेत म्हणाला, सात.

"सात नाय भाऊ. मी सगळी दाखवली."

अनिकेतनं तेव्हा कुठे त्याच्या हातांकडे नीट पाहिलं.

*

यमुना सुरगाण्याच्या बाजूची, डोंगरातल्या पाड्यावरची. तिनं विषय घेतला सर्पदंश. त्यांच्याकडे साप चावला की माणसाला आधी भगताकडे नेतात. तो मंत्र म्हणतो, मुळी देतो आणि त्यात वेळ जातो. यमुनानं गणपतीच्या सुट्टीत गावात मैत्रिणींना घेऊन छोटं नाटक बसवलं. साप चावला तर भगताकडे नाही, थेट दवाखान्यात. म्हाताऱ्यांनी चेष्टा केली. पण ती घरोघर जाऊन समजावत राहिली.

भातकापणीच्या वेळी तिच्या सख्ख्या काकाला साप चावला. लोक सवयीनं त्याला उचलून भगताच्या घराकडे निघाले. काकूनं त्यांना अडवलं. आमच्या यमुनानं सांगितलंय, दवाखान्यातच न्यायचं, म्हणाली. भगतही आड आला नाही. जीप मिळाली. आरोग्य केंद्रात पोचले, तर सापाच्या विषावरचं इंजेक्शन संपलेलं. तिथून त्याला नाशिकला पाठवलं. काका घाटातच गेला.

दहावं उरकून यमुना परत आली. काकू तिला काही बोलली नव्हती. कोणीच काही बोललं नव्हतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. मी म्हटलं, प्रोजेक्ट बदल, मी वाढीव मुदत मागून घेते. ती नाही म्हणाली. तू सांगितलेलं बरोबरच होतं, असंही मी तिला म्हटलं. ती फाइलमध्ये नाटकाचे फोटो चिकटवत राहिली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी यमुनाची फाइल चाळली, नाटकाचे फोटो पाहिले. मग ठरलेला प्रश्न विचारला, तुमच्या प्रोजेक्टचा गावावर काय परिणाम झाला?

यमुना ताठ उभी होती. मी तिच्याकडे बघत होते.

"गावानं ऐकलं, सर."

"व्हेरी गुड," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मुलीला आत बोलावलं.