कंपनीच्या दुकानाची पायरी

ठाण्यात कंपनीचं स्वतःचं दुकान निघण्यापूर्वी शिवणाची मशीनं बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे मिळत. त्याच्याकडे कुलपं, कंदील, खिळे, दोरखंड असलं सगळं असे, आणि त्यातच दोन-तीन मशीनं धूळ खात पडलेली. आमच्या घरात मशीन आलं ते तिथूनच. हे कचेरीत कारकून होते आणि नव्या वस्तूंची यांना भारी हौस. घरी आणून मागच्या पडवीत ठेवलं, चाक फिरवलं आणि पाच टाक्यांत दोरा असा गुंतला की सुई वर येईना की खाली जाईना. व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मी विकतो. शिवायला मला कुठं येतं?"

बरोबरची पुस्तिका इंग्रजी. यांनी मला ती वाचून दाखवली, पण वाचून हात शिकत नाहीत. मी चार दुपारी त्या मशीनसमोर बसले. दोरा कुठून कुठं ओवायचा, खालच्या दोऱ्याचा धोटा कसा बसवायचा, तेल कुठं घालायचं, सगळं चुकत चुकत उमगलं. पाचव्या दिवशी सासूबाईंची चोळी शिवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, शिवण ओढून पाहिली आणि अंगात घातली. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ होतं.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. चार-पाच घरांतून अशीच मशीनं आणून माळ्यावर टाकलेली होती. मी ती एकेक उतरवली, पुसली, चालू करून दिली. असं वर्षभर चाललं असेल. एक दिवस कंपनीचा माणूस यांना भेटायला आला. मुंबईच्या कचेरीतला, आपल्याकडचाच, कोट आणि पगडी घातलेला. ठाण्यात मशीनं विकली जातात आणि परत येतात, फक्त तुमच्या गल्लीतली येत नाहीत, असं का, असं तो विचारत होता. हे म्हणाले, "ते घरात विचारावं लागेल."

मी दाराआडून सांगितलं, "ज्याला शिवता येत नाही त्याच्याकडे मशीन विकायला देऊ नका. बायकांना बसून बघता येईल, हात लावता येईल अशी जागा करा. बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस तिथंच ठेवा. मग एकही परत येणार नाही."

त्यानं ते लिहून घेतलं. कंपनीनं असं काही आधीच ठरवलं होतं की माझं बोलणं वरपर्यंत गेलं, हे मला कधीच कळलं नाही. पण काही महिन्यांनी त्या व्यापाऱ्याकडची मशीनं कंपनीनं उचलून नेली आणि बाजाराच्या तोंडाशी स्वतःचं दुकान उघडलं. तोच कोटवाला त्याचा मॅनेजर झाला. हिरवी पाटी, काचेची कपाटं, ओळीनं मांडलेली मशीनं, मागं दुरुस्तीचा कारागीर, आणि बायकांसाठी बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा लावलेली एक खोली. त्या खोलीत शिकवायला मी.

घरात आठवडाभर वाद झाले. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. मी मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं, दुपारीच जायचं, आणि दुकानाच्या पुढच्या भागात पाऊल टाकायचं नाही. मी कबूल झाले. खरं सांगायचं तर मला त्या दुकानाचा अभिमान वाटत होता. पडद्याआड बायकांची गर्दी व्हायची. वकिलांच्या घरच्या, मास्तरांच्या घरच्या, एक मामलेदारीणबाईसुद्धा. ज्यांना वाटे की लोखंडाला हात लावणं हे बायकांचं काम नाही, त्या महिन्याभरात झबली शिवून नेत. हे मी केलं होतं. म्हणून पुढं जे झालं त्याची चीड जास्त आली.

आमच्या मागच्या दारी कोलशेतची एक कोळीण मासे घेऊन यायची. माझ्याच वयाची. खाडीकडून पाटी डोक्यावर घेऊन चालत यायची, बोलायला खणखणीत, भावात एक दमडी सोडायची नाही. नवरा होडीवर, पदरात दोन मुली. मासे साफ करता करता तिची नजर पडवीतल्या मशीनवर जाई. एक दिवस म्हणाली, "बाय, मना शिकवशील का गो? आमच्याकडं बंड्या शिवाला सगली मानसा ठान्याला येतान. मी शिवीन की घरान बसून."

मी म्हटलं, "अगं, दुकानात ये ना. तिथं दहा मशीनं आहेत. दुकान सगळ्यांसाठी आहे."

हे शब्द माझेच. मला ते विसरता आलेले नाहीत.

ती दोन दिवसांनी आली. पाटी नव्हती. न्हालेली, केसात फूल, नवं लुगडं. मी पडद्याआडून तिला पायरीशी पाहिलं आणि मला आनंद झाला. तेवढ्यात मॅनेजर उठला.

"काय पाहिजे?"

"बाय हाय का आत? शिवाला शिकाला आलंय."

"इथं घरंदाज बायका बसतात. मासळीचा वास येईल सगळ्या कापडांना. जा, मागं हो, पायरी सोड."

"मी मासली आनलीच नाय. बघ ना हात."

तिनं खरंच दोन्ही हात पुढं केले. त्यानं पाहिलेही नाहीत. आतल्या बायकांपैकी एक हळूच हसली. दुसरीनं नाकाला पदर लावला, वीस हात लांबून! आणि मी? मी एका मास्तरीणबाईंना धोटा बसवून दाखवत होते. तो बसवत राहिले. मला वाटलं, पुढच्या भागात जायचं नाही असं घरी कबूल केलंय. आता कळतं की ती सबब होती. आवाज तर देता आला असता. पडद्याला कान असतात तशी जीभही असते.

ती गेली. त्यानंतर दोन आठवडे आमच्या मागच्या दारी आली नाही. शेजारी यायची, आमचं दार ओलांडून जायची. शेवटी मीच तिला आळीच्या वळणावर गाठलं.

"रागावलीस?"

"तुज्यावर? नाय गो. तू बोलवलास, मी आलू. तू आत व्हतीस ना?"

"होते."

"मंग झाला तर," ती म्हणाली आणि पाटी सावरून निघाली.

तिनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी तिच्या मागं चार पावलं गेले आणि म्हटलं, "उद्यापासून माझ्या घरी ये. पडवीत बस. माझ्या मशीनवर शीक." ती थांबली, पण वळली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आली.

सासूबाईंनी मासे घेण्यात कधी विटाळ मानला नव्हता, पण कोळीण मशीनवर बसलेली बघून त्यांनी देवघराचं दार लावून घेतलं. यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. मी कोणाचंच ऐकलं नाही. एकदा गप्प बसून झालं होतं. ती बाई इतरांपेक्षा निम्म्या दिवसांत शिकली. जाळी विणणारी बोटं ती, दोरा त्यांचं ऐके. पावसाळा संपेपर्यंत कोलशेतच्या निम्म्या होड्यांवरच्या बंड्या तिच्या हातच्या होत्या. पहाटे मासे विकून ती माझ्याकडे येई, शिवून जाई.

ही गोष्ट मॅनेजरच्या कानावर गेली, आणि त्याच्याकडून मुंबईच्या साहेबाच्या. साहेब ठाण्याचं दुकान बघायला आला तेव्हा बरोबर फोटो काढणारा माणूस घेऊन आला. कोळीण मशीन चालवते हे साहेबाला फार आवडलं होतं म्हणे. दुकानातलं एक नवं कोरं मशीन बैलगाडीत घालून कोलशेतला नेलं. मीही गेले, कारण ती म्हणाली, "तू असशील तं बसंन."

खाडीच्या काठावर, एका होडीला लागून, मशीन मांडलं. मॅनेजरनं तिला सगळे दागिने घालायला लावले. पायाशी माशांची पाटी ठेवली. हो, तीच पाटी, जी तिनं त्या दिवशी मुद्दाम घरी ठेवली होती! फोटोत मासे दिसायला हवेत, असं साहेबाचं म्हणणं. उन्हात ती तासभर न हलता बसली. गावातली सगळी माणसं भोवती जमली. मग फोटोवाल्यानं काळं कापड गुंडाळलं, आणि मॅनेजरनं मशीन पुन्हा गाडीत चढवलं.

"आनि मना?" तिनं विचारलं.

"बघू," तो म्हणाला. गाडी निघून गेली.

पुढच्या साली कंपनीनं कल्याणला दुकान काढलं. तीच हिरवी पाटी, तीच कपाटं, तोच पडदा, इतकं सारखं की डोळे मिटून नेलं असतं तर मी ठाण्यातच आहे असं वाटलं असतं. भिवंडीचं दुकान ठरलेलं होतं, पनवेलचं बोलणं चाललं होतं. कल्याणचं उघडायच्या आधी मांडामांड करायला मला नेलं. यांनी आगगाडीत बसवून दिलं, बरोबर थोरला दीर. दुकानात मी खोके उघडत होते. एका खोक्यात रंगीत चित्रांचे गठ्ठे होते, प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट द्यायचे. वरच्याच चित्रात ती होती. लुगड्याला भलताच जांभळा रंग, पायाशी मासे, मागं होडी. खाली इंग्रजीत छापलेलं. दिरांनी वाचून दाखवलं: आमचं यंत्र सर्वांसाठी आहे.

मी पडदा बाजूला केला आणि पहिल्यांदा कंपनीच्या दुकानाच्या पुढच्या भागात आले. मॅनेजर कल्याणलाही आला होता. भिंतीवर चौकटीत बसवलेलं तेच चित्र तो खिळ्याला टांगत होता.

"हे ठाण्यातही लावणार?" मी विचारलं.

"सगळ्या दुकानांत. साहेबांचा हुकूम आहे."

"ज्या बाईला तुम्ही पायरी चढू दिली नाहीत, तिला भिंतीवर चढवता?"

"बाई, चित्राला वास येत नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

दीर मागून "वहिनी, वहिनी" करत होते. मी हातातला गठ्ठा जमिनीवर टाकला. एक चित्र घेतलं आणि त्या दुकानातून पुढच्या दारानं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी चित्र तिला दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मुलींना दाखवलं. मला वाटलं ती फाडेल. ती म्हणाली, "लुगडा माजा हिरवा व्हता." मग चित्र मुलींच्या हातातून परत घेत, "यो ठान्याच्या दुकानान लावलाय?"

"आजच लावणार आहेत."

"मंग चल. माजा फोटू मी बघाला जाताव. तू येशील ना? का आत बसशील?"

आम्ही दोघी गेलो. भर दुपारी, बाजारातून, पुढच्या बाजूनं. पायरी ती आधी चढली, मी तिच्या मागून. मॅनेजर उभा राहिला, पण त्या दिवशी त्याच्यासमोर कचेरीतल्या कारकुनाची बायको होती आणि रस्त्यावर माणसं थबकली होती. तो बाजूला सरकला. तिनं भिंतीवरचं आपलं चित्र एकदा पाहिलं, आणि आम्ही पडद्याआडच्या बाकावर जाऊन बसलो. दोन बायका उठून गेल्या. मामलेदारीणबाई बसून राहिल्या. कोळणीनं मशीन जवळ ओढलं, कोणाचं तरी अर्धवट झबलं घेतलं आणि सरळ शिवण मारली, एकही टाका न चुकता. दुकान बंद होईपर्यंत आम्ही बसलो.

त्यात मोठं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी यांच्या नावे पत्र आलं की आपल्या कुटुंबाच्या सेवेची आता गरज नाही. माझ्या नावे पत्र लिहायचंही त्यांना सुचलं नाही. माझ्या जागी मीच शिकवलेली एक मुलगी ठेवली. पायरीवर एक शिपाई बसवला, कोण आत जातं ते बघायला. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एका संध्याकाळी म्हणाले, "तू केलंस ते बरोबर होतं. पण मला आधी सांगायचं होतंस." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतंत?"

कोळणीच्या दिरानं मुंबईहून होडीतून एक जुनं मशीन आणलं. ते खडखड करी, पण चाले. मी आठवड्यातून दोनदा कोलशेतला जाऊ लागले. तिच्या ओसरीवर तिच्या दोन्ही मुली आणि गावातल्या आणखी सहा-सात पोरी शिकल्या. सासूबाई शेवटपर्यंत कुरकुरल्या, पण त्यांची शेवटची चोळी तिनंच शिवली होती, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

चार-पाच वर्षांनी कंपनीची माणसं गाडीत मशीनं घालून खाडीकाठच्या गावांतून फिरायला लागली. आता कोळ्यांची, आगऱ्यांची घरं त्यांना गिऱ्हाईक दिसत होती. तिच्याही दारात आली. आणि तिनं मशीन घेतलं! मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले.

"त्यांच्याकडून? तुला लाज कशी नाही वाटली?"

तिनं दोरा दातानं तोडला. "लाज मना कशाला? त्यांनी मना हाकलला, मी नाय. जुना मिशीन मेला. मुलगीचा लगीन हाय, पन्नास चोल्या शिवाच्या हान. तुजा राग घेऊन मी काय शिवू?"

मी तिच्याशी अबोला धरला, पंधरा दिवस. मग लग्नाला गेले, आणि चोळ्यांना हात-शिलाई करायला बसले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझाही राग खोटा नाही. कंपनीची दुकानं आता गावोगाव आहेत, बायकांची रांग लागते, आणि त्यातल्या कोणालाही ठाऊक नाही की चित्रातल्या बाईला पायरीवरून परत पाठवलं होतं, आणि ते बघत पडद्याआड कोण बसलं होतं.