वहिनीची तलावांची फेरी

वहिनी गेली, हे सांगणारा प्रदीपचा फोन दुपारी आला. जेवण करून आरमोरीच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर आडवी झाली आणि उठलीच नाही... खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. या बाईला एकच धास्ती होती, लेकाच्या फ्लॅटमधल्या एखाद्या कोपऱ्यात आपला शेवट होईल ही. तसं झालं नाही. महिना उलटला तरी ते हायसं वाटणं काही कमी झालेलं नाही.

माझा भाऊ गेला तेव्हा वहिनीने पन्नाशी ओलांडली होती. मागे त्याची छोटी पांढरी गाडी राहिली. वहिनी ती चालवायला शिकली, पण फक्त पुढे न्यायला. मागे घ्यायची वेळ आली की शेजारच्या गुरुजींना हाक! प्रदीप हा तिचा एकुलता एक, नागपूरला नोकरीला. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला घेऊन जायचं, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. त्यात काळजीच होती, पण वहिनीचा जीव आरमोरीतून हलेना. त्या दिवाळीत मायलेकांची चांगलीच जुंपली. भाऊ नसला तरी भाऊबीजेला मी तिच्याकडेच गेले होते, त्यामुळे पंच व्हायची पाळी माझ्यावर आली. शेवटी वहिनीच म्हणाली, "मी एकटी सारे तलाव फिरून येते. सांजेपर्यंत गाडी घेऊन घरी नाई आली, त मंग ने मले नागपूरले."

ब्रह्मपुरी, नागभीड, घोडाझरी, सिंदेवाही, आसोलामेंढा आणि गडचिरोलीवरून परत आरमोरी. रस्ता तिने मुद्दाम गोल निवडला होता, म्हणजे कुठेच मागे वळायला नको. सकाळी डबा घेऊन निघाली. प्रदीप दिवसभर दारात येरझारा घालत होता, आणि मी त्याला वरवर रागावत मनातून देव पाण्यात घालून बसले होते. तिकडे ही बाई घोडाझरीच्या काठावर निवांत बसून जेवत होती! "बाई, हे गेल्यापासून पयल्यांदा मले जेवण गोड लागलं," असं नंतर मला म्हणाली.

घोळ झाला तो सिंदेवाहीच्या पुढे. एका गावतलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, तिला रस्ताच वाटली आणि तिने गाडी वर घातली. पाळ जेमतेम एका बैलबंडीपुरती रुंद. मध्यावर पोचते तोच समोरून धानाने भरलेली बंडी. आमच्याकडचा रिवाज असा, की पाळीवर गाठ पडली तर रिकाम्याने मागे जायचं, भरल्याने नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली खोलवर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. वहिनी खाली उतरली.

"भाऊ, मले गाडी मांगं घेता येत नाई."

बंडीवाला हसला. "बैलबी मांगं येते बाई, अन् मोटार काऊन येत नाई? मी मांगं उभा राह्यतो. तुमी या हळूहळू."

बैल सोबतच्या बायकोच्या हाती देऊन तो गाडीमागे गेला आणि बैलांना बोलवावं तसा गाडीलाच हाका मारू लागला. गाडी कितीदा बंद पडली, वहिनी घामाने निथळली, पण पाळ संपेपर्यंत तो मागून हटला नाही आणि तीही थांबली नाही.

दिवे लागायच्या सुमारास रस्त्यावर हॉर्न वाजला. आम्ही धावत बाहेर आलो. वहिनीने प्रदीपला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं, गाडी फाटकापुढे नेली, थांबली आणि उलटी अंगणात घेतली. झेंडूची एक कुंडी फुटली, तेवढंच. "आता कोण नेते मले नागपूरले?" उतरता उतरता तिने विचारलं. प्रदीप हसत होता आणि डोळेही पुसत होता. तो विषय पुन्हा निघाला नाही. बाजार असो, दवाखाना असो की चंद्रपूरला माझं घर, वहिनी शेवटपर्यंत तीच गाडी घेऊन जायची.

तेरवी आटोपल्यावर प्रदीप ती गाडी नागपूरला न्यायला म्हणून आत बसला. वहिनी ठेंगणी, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट मागे सरकवायला त्याने खाली हात घातला, आणि तसाच राहिला...

थोड्या वेळाने तो अंग चोरून बाहेर आला, दार हळूच लावलं आणि म्हणाला, "आत्या, मी एसटीनंच जातो."